पोस्टर काढता काढता माहिती-आरेखन शिकणे

२६ जुलै २००५ च्या पावसाविषयी दोन आकडे प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सुमारे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. ज्यांनी तो दिवस मुंबईत काढला त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावण्याची गरज नाही, पण इतरांसाठी ते नुसते दोन आकडे राहतात. माहिती-आरेखन शिकू पाहणाऱ्याने पहिला सराव यांच्यावरच करावा असे मला वाटते. भिंतीवर एक लांब कागद लावावा, जमिनीपासून पट्टीने मोजून ९४४ मिलिमीटर उंचीची निळी पट्टी रंगवावी आणि तिच्या शेजारी ७३ मिलिमीटरची. पाऊस हे मोजमाप मुळातच उंचीचे आहे. पडलेले पाणी वाहून न जाता, न मुरता सपाट जागेवर साचून राहिले असते, तर त्याची जी उंची झाली असती तीच मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. त्यामुळे येथे एका सेंटिमीटरला किती धरायचे हा प्रश्नच येत नाही. जसे आहे तसे, त्याच मापाचे चित्र काढता येते. पहिली पट्टी मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपास पोहोचते, दुसरी चार बोटांच्या रुंदीएवढी होते. पाहणारा पट्टीशेजारी उभा राहतो आणि नकळत स्वतःच्या अंगावर पाणी मोजतो.

यानंतर पाहणाऱ्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो, की ही दोन ठिकाणे एकमेकांपासून किती दूर आहेत? सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. हे उत्तर कागदावर कोठे लिहायचे, किती मोठ्या अक्षरात, पट्ट्यांच्या मध्ये की खाली, आणि मुंबईचा छोटासा नकाशा काढला तर तो पट्ट्यांवरचे लक्ष उडवेल की वाढवेल, हे ठरवण्यासाठी विद्यार्थी हातात पेन्सिल घेऊन थांबतो. त्या क्षणी माहिती-आरेखनाचे खरे शिक्षण सुरू झालेले असते.

आकडे, मजकूर, नकाशे आणि चित्रे यांची अशी मांडणी करणे, की वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट कमीत कमी कष्टांत आणि चुकीचा समज न होता कळावी, याला माहिती-आरेखन म्हणतात. आकड्यांना आलेखाचे रूप देणे, ज्याला आज सर्रास डेटा व्हिज्युअलायझेशन म्हटले जाते, हा त्याचाच एक मोठा भाग. इन्फोग्राफिक पोस्टर म्हणजे असे आलेख, थोडा मजकूर आणि चित्रे एका पानावर एकत्र आणून एक विषय उलगडणे. पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी किंवा अहमदाबादची एनआयडी यांसारख्या संस्थांत अभिकल्पाचा, म्हणजे डिझाइनचा, रीतसर अभ्यास होतो. पण या विषयाचा पाया घालण्यासाठी तेथे प्रवेश मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आलेख कागद, पट्टी, कंपास, ट्रेसिंग पेपर आणि तीन-चार रंग एवढे साहित्य पुरते. सॉफ्टवेअर सुरुवातीला बाजूला ठेवावे असे मी आग्रहाने म्हणेन. संगणक न विचारता अनेक निर्णय स्वतःच घेतो. अक्ष कोठून सुरू करायचा, कोणता रंग कशाला द्यायचा, आकडे कोणत्या क्रमाने लावायचे हे तो ठरवून टाकतो आणि शिकणाऱ्याला निर्णय झाला हेच समजत नाही. हाताने काढताना मात्र प्रत्येक रेषेपाशी तो निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी गणिताच्या पुस्तकात चित्रालेख, स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख आणि वृत्तालेख काढलेले असतात. हा पाया चांगला आहे आणि ही मराठी नावे जरूर वापरावीत. उणीव एकच राहते. ‘पुढील सामग्रीवरून स्तंभालेख काढा’ असे प्रश्नातच सांगितलेले असल्याने स्तंभालेखच का, वृत्तालेख का नाही, हे ठरवण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही. या विषयात तेच ठरवायचे असते आणि त्यासाठी प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा असतो: या आकड्यांतली कोणती तुलना वाचणाऱ्याच्या डोळ्यांना सोपी व्हायला हवी?

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. १९६७ मध्ये जाक बर्तें या फ्रेंच नकाशाकाराने कागदावरच्या खुणेत काय काय बदलता येते याची मांडणी केली: खुणेची जागा, आकारमान, गडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकृती. पुढे १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले, की आकडा कोणत्या रूपात दाखवला तर माणसे तो जास्त अचूक ओळखतात. एकाच मोजपट्टीवर वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या खुणा माणसाला सर्वांत अचूक वाचता येतात. त्याखालोखाल लांबी येते, मग कोन, त्यानंतर क्षेत्रफळ, आणि रंगाच्या गडदपणावरून नेमका आकडा ओळखणे तर फारच कठीण जाते. वृत्तालेखातील २३ टक्के आणि २६ टक्के यांच्या फाका शेजारी शेजारी ठेवल्या तर मोठी कोणती हे सांगताना आपण अडखळतो, आणि तेच आकडे दोन स्तंभांत काढले तर एका नजरेत कळते, याचे कारण हेच.

क्षेत्रफळ डोळ्यांना कसे फसवते हे हाताने करून पाहण्यासाठी २०११ च्या जनगणनेतले दोन आकडे फार सोयीचे आहेत. बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि पुणे महापालिका क्षेत्राची सुमारे ३१ लाख, म्हणजे जवळजवळ बरोबर चौपट. विद्यार्थ्यांना ही लोकसंख्या वर्तुळांनी दाखवायला सांगितली, की पुष्कळजण पुण्यासाठी २ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढतात आणि मुंबईसाठी ८ सेंटिमीटर व्यासाचे. चौपट संख्येसाठी चौपट व्यास, हा हिशेब वरवर रास्त वाटतो. मग वर्तुळे कापून लहान वर्तुळ मोठ्यावर ठेवून पाहायला सांगावे. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते, आणि डोळा व्यासाकडे न पाहता क्षेत्रफळाकडे पाहतो. मुंबई पुण्याच्या चौपट असताना चित्र मात्र सोळापट असल्याचे सांगते. बरोबर चित्रात मुंबईचा व्यास फक्त ४ सेंटिमीटर हवा. ही चूक एकदा कात्रीने कापून पाहिलेला विद्यार्थी ती सहसा पुन्हा करत नाही; तोंडी सांगितलेला नियम मात्र पुढच्या पोस्टरपर्यंत विसरला जातो.

याच अडचणीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात व्हिएन्नामध्ये एक सुंदर तोडगा निघाला. ओटो नॉइराट या तत्त्वज्ञ-समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये तेथे समाज आणि अर्थव्यवस्था यांविषयीचे संग्रहालय सुरू केले. सामान्य कामगारालाही घरे, आरोग्य, उद्योग यांची आकडेवारी समजली पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. मोठी संख्या दाखवण्यासाठी चिन्ह मोठे करायचे नाही, त्याच आकाराची चिन्हे जास्त काढायची, हा त्यांचा मुख्य नियम होता. ही पद्धत पुढे आयसोटाइप या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातली रेखीव चिन्हे प्रामुख्याने गेर्ट आर्न्ट्स या चित्रकाराने घडवली. पण माझ्या मते त्या सगळ्या गटातले सर्वांत शिकण्याजोगे काम मारी राइडेमाइस्टर, म्हणजे पुढच्या मारी नॉइराट, यांचे होते. त्यांच्या कामाला ‘रूपांतरकार’ असे नाव होते. तज्ज्ञांकडून आलेल्या आकड्यांच्या ढिगातून काय निवडायचे, कशाशेजारी काय ठेवायचे आणि कोणत्या रांगा कोणत्या क्रमाने लावायच्या याचे कच्चे आराखडे त्या तयार करत आणि मग ते चित्रकाराकडे जात. तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या मधोमध उभी असलेली ही भूमिकाच माहिती-आरेखनकाराची भूमिका आहे. वरचीच लोकसंख्या या पद्धतीने काढायची, तर एक माणूस म्हणजे पाच लाख असे धरून मुंबईसाठी पंचवीस आणि पुण्यासाठी सहाहून थोडी जास्त चिन्हे येतात. वाचणारा ती मोजूही शकतो आणि नुसत्या नजरेनेही फरक ओळखतो.

आता एका कठीण जागी येऊ. शिकणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून तिला जास्त वेळ द्यायला हवा. ही जागा म्हणजे अक्षाची सुरुवात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. विद्यार्थ्याने याचे दोन स्तंभालेख काढावेत. पहिल्यात उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा आणि दुसऱ्यात सत्तरपासून. पहिल्या चित्रात पुरुषांचा स्तंभ स्त्रियांच्या स्तंभाच्या सुमारे १.१६ पट उंच दिसतो, आणि ते खरे आहे. दुसऱ्या चित्रात पुरुषांचा स्तंभ १८.३८ एककांचा आणि स्त्रियांचा फक्त ५.८७ एककांचा उरतो, म्हणजे साक्षरता तिपटीहून जास्त असल्याचा भास होतो. आकडे तेच आहेत, अक्षावर ७० हा आकडाही स्पष्ट छापलेला आहे, तरीही डोळा स्तंभाची लांबी वाचतो आणि फसतो. म्हणून स्तंभालेखात अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, हा नियम येथे पक्का होतो.

पण लगेचच याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवावे लागतात. शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर १००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये त्या ८०७ होत्या. यांचा स्तंभालेख शून्यापासून काढला तर राज्याचे तिन्ही स्तंभ जवळजवळ सारख्याच उंचीचे दिसतात आणि पाहणारा ‘फारसे काही बदललेले नाही’ असे समजून पुढे जातो. नियम पाळला गेला, आणि एक भयानक गोष्ट मात्र झाकली गेली. साक्षरतेच्या बाबतीत शून्य टक्के ही एक खरी, अर्थपूर्ण अवस्था आहे. १००० मुलग्यांमागे शून्य मुली ही कोणत्याही समाजाची अवस्था नसते. येथे तुलना शून्याशी करायची नसून निसर्गाने जे प्रमाण राखले असते त्याच्याशी करायची आहे. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात, म्हणजे १००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. तेव्हा कागदावर ९५० ची एक आडवी रेषा ठळक काढावी आणि प्रत्येक वर्षाचा आकडा स्तंभाने न दाखवता ठिपक्याने दाखवून ते ठिपके रेषेने जोडावेत. ठिपक्याची जागा वाचली जाते, लांबी वाचली जात नाही, त्यामुळे अक्ष ७५० पासून सुरू केला तरी फसवणूक होत नाही. आता १९९१ चा ठिपका त्या आडव्या रेषेला जवळजवळ टेकलेला दिसतो, पुढचे दोन खाली खाली उतरताना दिसतात आणि बीडचा एकटा ठिपका फार खाली.

काही विद्यार्थी येथे ‘हजारात १०६ मुली कमी’ असे शीर्षक सुचवतात. हजारातून ८९४ वजा केले, की १०६ उरतात हे खरे. पण निसर्गतःच ९५० च्या आसपास मुली असतात हे लक्षात घेतले, तर ती तूट साधारण ५६ ची आहे. १०६ हा आकडा जास्त धक्का देतो, म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. असा मोह टाळायलाच हवा, कारण विषय जितका गंभीर तितका त्याच्या विरोधात बोलणारा आकड्यातली चूक आधी शोधतो, आणि ती सापडली की सगळे पोस्टर बाजूला सारतो. ५६ हा आकडाही पुरेसा अस्वस्थ करणारा आहे. हेच बीडसाठी दाखवायचे, तर पोस्टरवर ९५० छोटे ठिपके काढून त्यांतले ८०७ भरीव आणि उरलेले १४३ पोकळ ठेवता येतील. हे ठिपके हाताने काढायला दोन-तीन तास सहज लागतात. मला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही. पोकळ ठिपके एकामागून एक काढताना ती संख्या जशी कळते तशी दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळेल असे वाटत नाही.

हाताने आणि गटाने काढलेल्या पोस्टरांचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे साठ आलेख शाई आणि जलरंगांत रंगवून घेतले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती, आणि आपल्या समाजाने त्या काळात जमीन, शिक्षण, व्यवसाय यांत काय मिळवले आणि त्याला कोठे अडवले गेले हे त्यांना जगापुढे आकड्यांनी मांडायचे होते. त्यांतल्या काही आलेखांत लांब स्तंभ कागदात मावेना म्हणून तो गुंडाळी करून सर्पिलासारखा वळवलेला आहे. काटेकोर नियमाने पाहिले तर अशी वळलेली लांबी नीट मोजता येत नाही. तरीही ते चित्र थांबून पाहायला लावते आणि ‘हा भाग इतरांच्या मानाने प्रचंड आहे’ एवढे नेमके पोहोचवते. नियम कोणत्या हेतूने आणि किती मोडता येतो हे समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी त्या आलेखांच्या प्रती काढून पाहाव्यात.

वेळापत्रकाचा आलेख हा माझा सर्वांत आवडता सराव आहे. कोकण रेल्वेचे वेळापत्रक घ्यावे. आडव्या अक्षावर दिवसाचे तास मांडावेत आणि उभ्या अक्षावर रोह्यापासून दक्षिणेकडची स्थानके, त्यांच्यातल्या खऱ्या किलोमीटरच्या अंतराने. मांडवी एक्स्प्रेस मुंबईहून आणि मडगावहून अशी दोन्ही बाजूंनी सकाळी निघते आणि त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री पोहोचते, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करणे सोपे. प्रत्येक स्थानकाच्या वेळेपाशी ठिपका ठेवून ते जोडत गेले, की एक गाडी तिरक्या रेषेने खालून वर जाते आणि दुसरी वरून खाली येते. रेषा जितकी उभी तितका वेग जास्त. रेषा आडवी झाली की गाडी स्थानकात थांबली आहे. मग त्याच कागदावर आणखी चार-पाच गाड्या काढाव्यात. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी आहे, म्हणून समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना स्थानकातच ओलांडू शकतात. ‘क्रॉसिंगला गाडी थांबली आहे’ हे वाक्य त्या मार्गाने प्रवास केलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. आलेखात ते क्रॉसिंग दोन रेषांच्या छेदबिंदूच्या रूपात दिसते. एकेरी मार्गावर दोन रेषा दोन स्थानकांच्या मधोमध छेदल्या, तर आपण वेळ वाचण्यात किंवा ठिपका ठेवण्यात चूक केलेली असते, किंवा वेळापत्रकात न छापलेला एखादा तांत्रिक थांबा तेथे जवळच असतो. काहीही असले तरी कागदच शिकणाऱ्याला प्रश्न विचारतो. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक ट्रेसिंग पेपरवर काढून मूळ आलेखावर ठेवावे. पावसात वेग कमी ठेवला जात असल्याने रेषा किती निवांत होतात हे एका दृष्टिक्षेपात दिसते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत गाड्यांची आखणी अशाच आलेखांवर होते. छापील तक्त्यात जे अंकांच्या रांगांत दडलेले होते ते या चित्रात शोधावे लागत नाही.

नकाशांविषयी एकच सावधगिरी सांगतो. जिल्हावार लोकसंख्या रंगांच्या छटांनी दाखवली तर सुमारे १४,४०० चौरस किलोमीटरचा आणि पावणेअकरा लाख वस्तीचा गडचिरोली जिल्हा नकाशाचा मोठा कोपरा व्यापतो, आणि ९३ लाखांहून जास्त लोकांचे मुंबई उपनगर एका टिंबाएवढे उरते. माणसांची संख्या दाखवायची असेल तेव्हा जिल्ह्यांचे तुकडे रंगवू नयेत. जिल्ह्याच्या जागी योग्य क्षेत्रफळाचे वर्तुळ ठेवावे. छटा टक्केवारी, घनता यांसारख्या प्रमाणांसाठी राखाव्यात.

एवढे सराव झाले की पूर्ण पोस्टर हाती घ्यावे. आकडे मिळवण्यासाठी जनगणनेचे तक्ते, हवामान खात्याच्या नोंदी आणि राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी काढत असलेली ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ उपलब्ध आहे. पाहणी मराठीतही असल्याने संज्ञांचे मराठी शब्दही तेथेच मिळतात. आधी विषय न ठरवता प्रश्न ठरवावा. ‘पाणी’ हा विषय झाला, त्यावर पोस्टर होत नाही; झाले तर थेंबांची चित्रे आणि सुटे आकडे यांची खिचडी होते. ‘सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला एवढा पाऊस पडत असताना माण तालुका कोरडा का?’ हा प्रश्न झाला, आणि प्रश्न असला की पश्चिम-पूर्व दिशेने डोंगराचा छेद काढावा आणि त्याच्यावर पावसाचे स्तंभ उभे करावेत, हे आपोआप सुचते. मुख्य आलेख एकच असावा आणि तो पानाचा निम्मा भाग तरी व्यापणारा असावा. शीर्षकात उत्तर यावे, नुसते विषयाचे नाव नको.

मराठी पोस्टरची म्हणून काही खास पथ्ये आहेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात आणि खाली उकार, त्यामुळे रोमन अक्षरांसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर येथे अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फार बारीक अक्षरांत जोडाक्षरे भरून येतात, म्हणून अक्षाची नावे थोडी मोठीच ठेवावीत. उभ्या अक्षाचे नाव नव्वद अंशांत आडवे पाडून लिहिण्यापेक्षा अक्षाच्या माथ्यावर सरळ लिहावे. रंगांची सूची कोपऱ्यात देऊन वाचणाऱ्याला ये-जा करायला लावण्याऐवजी प्रत्येक रेषेच्या टोकाशीच तिचे नाव लिहावे. लाल आणि हिरवा हे दोनच रंग समोरासमोर वापरणे टाळावे, कारण काही जणांना, विशेषतः पुरुषांना, त्यांतला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी ही जोडी बहुतेकांना चालते. आकडे कोठून आणि कोणत्या वर्षाचे घेतले हे पोस्टरच्या तळाशी लिहिलेच पाहिजे.

मग ते पोस्टर विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला दाखवावे. घरातली आजी, शेजारच्या काकू, चहाच्या टपरीवर रोज भेटणारे गृहस्थ, कोणीही चालेल. पाच सेकंद दाखवून पोस्टर उलटे ठेवावे आणि ‘काय दिसले?’ एवढेच विचारावे. त्यांनी रंगांचे किंवा चित्रांचे कौतुक केले, पण आकड्याविषयी काही सांगितले नाही, तर मुख्य आलेख पुरेसा पुढे आलेला नाही. त्यांनी चुकीची गोष्ट सांगितली, तर कोणत्या खुणेने तो समज झाला हे तेथेच बसून विचारावे, आणि या वेळी आपण काहीही समजावून सांगू नये, कारण भिंतीवर लावलेल्या पोस्टरशेजारी ते समजावायला आपण उभे नसतो. त्यांची उत्तरे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्यावीत, पोस्टरवर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि फक्त ज्या जागी वाचणारा अडखळला तेवढीच जागा पुन्हा काढावी. चौथ्या-पाचव्या कागदापर्यंत बहुधा शीर्षक लहान झालेले असते, दोन चित्रे गळलेली असतात आणि मुख्य आलेख अर्ध्या पानावरून पाऊण पानावर पसरलेला असतो.